जवळ बसलेला भाऊ, फोनवरची बहीण आणि मधे आई

प्रश्न असा आला आहे. आईचं वय ७८. न्यूमोनियासाठी आठ दिवसांपासून हॉस्पिटलमध्ये आहे. धाकटा भाऊ जवळ राहतो, तो रोज जातो. लिहिणारी मुलगी परदेशात आहे, तिला लगेच निघता येत नाही. ती दिवसातून चार-पाच वेळा फोन करते. आई एक तर "बरी आहे गं" म्हणून फोन ठेवते, नाही तर रडते. परवा रात्री आईने भावाला ओळखलंच नाही, सिस्टरवर ओरडली, सलाईन ओढलं. सकाळी पुन्हा शांत. भाऊ म्हणतो, "मी इथे बसून तरी काय करतोय?" दोघांनाही विचारायचंय, की तिला धीर द्यायचा कसा?

मी २७ वर्षं वॉर्डात नर्स होते, त्यातली शेवटची बरीच वर्षं वयस्कर पेशंटच्या वॉर्डात इनचार्ज सिस्टर. हा प्रश्न मला असंख्य वेळा विचारला गेलाय, आणि बहुतेकदा लिफ्टजवळ, निघता निघता. दार बंद व्हायच्या आत जेवढं सांगता यायचं तेवढंच सांगायची. आज जरा बसून सांगते.

आधी ते भावाला न ओळखणं. तुम्ही ते रडण्याच्या आणि "बरी आहे"च्या रांगेत लिहिलंय, पण ते वेगळं आहे. चांगलं बोलतं-चालतं वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत गोंधळायला लागलं, दिवसा बरं आणि अंधार पडला की बिनसलं, तर त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. जुनी माणसं "वातात बडबडतेय" म्हणायची, तेच हे. हे वेड नाही, आणि विस्मरणाचा आजारही असा एका रात्रीत येत नसतो. शरीरात काहीतरी बिघडलंय आणि त्याचा ताण मेंदूवर आलाय, असं समजा. संसर्ग, रक्तातला ऑक्सिजन कमी होणं, अंगातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, चार दिवस पोट साफ न होणं, न सांगितलेलं दुखणं, झोपेची किंवा ॲलर्जीची काही औषधं, सलग मोडलेल्या झोपा. यातलं एक कारण असेल, नाहीतर तीन-चारही.

म्हणून भावाने आजच डॉक्टरांना, राउंडची वाट न पाहता, एवढंच सांगायचं: "हे तिचं नेहमीचं वागणं नाही. परवा रात्रीपासून सुरू झालंय. दिवसा कमी असतं, रात्री वाढतं." "आई जरा चिडचिड करतेय" असं सांगितलंत तर कुणी फारसं मनावर घेणार नाही, वॉर्डात चिडचिड सगळेच करतात. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. काही पेशंट आरडाओरडा करतच नाहीत, दिवसभर पेंगतात, हाक मारली की डोळे उघडतात आणि पुन्हा मिटतात. नातेवाईक खूश, की आज चांगला आराम पडला. हा गुपचूप डिलिरियम आमच्याही नजरेतून सुटतो, कारण तो कुणाला त्रास देत नाही. आम्ही तुमच्या आईला आठ दिवस ओळखतो. तिचं काय बिनसलंय ते आधी तुम्हालाच कळणार.

आता धीराकडे. १९९९ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शॅरन इनूय आणि सहकाऱ्यांनी सत्तरी गाठलेल्या आणि ओलांडलेल्या ८५२ पेशंटवर केलेलं एक काम प्रसिद्ध केलं. एका गटाला नेहमीचीच शुश्रूषा. दुसऱ्या गटाला शिवाय आणखी सहा गोष्टी: आज कोणता वार, आपण कुठे आहोत याची आठवण आणि थोड्या गप्पा, रात्रीची झोप न मोडणं, शक्य तितकं उठवून चालवणं, चष्मा, कानाचं यंत्र, आणि वेळेवर पाणी. नेहमीच्या गटात १५ टक्के लोकांना डिलिरियम झाला, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. या सहांत नवं औषध एकही नाही. एकदा डिलिरियम झाल्यावर मात्र या उपायांनी त्याचा जोर विशेष कमी झालेला दिसला नाही, त्यामुळे हे पहिल्या दिवसापासूनच करायचं असतं. तुमच्या आईला तो झालेलाच असेल तर कारण शोधून त्यावर उपचार करणं हे डॉक्टरांचं काम पहिलं. पण या सहा गोष्टी मी तरीही करतेच. त्यांनी बिघडत तर काही नाही, आणि माणसाला माणसासारखं वाटतं.

एक आजोबा आठवतात. आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेले. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या रात्री ते चादरीवरून बोटं फिरवत काहीतरी वेचत होते. चिमटीत धरायचे, डोळ्यांजवळ न्यायचे, बाजूला ठेवायचे. मुलगा शेजारी उभा. "बाबा, इथे काही नाहीये. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात." पाचव्यांदा सांगताना त्याचा आवाज इतका चढला की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. आजोबा आणखी घाईने वेचू लागले. मी विचारलं, यांना चष्मा आहे का? होता. पहिल्याच दिवशी "हरवायला नको" म्हणून सुनेने पिशवीत घालून खाटेखाली सरकवला होता. काढला, पुसला, लावला. आजोबांनी आधी आपल्या हातावरची पट्टी पाहिली, मग मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू अजून जागा?" दहा मिनिटांनी ते पुन्हा भरकटले, चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण ती दहा मिनिटं त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलेले नाही. तेव्हा भावाला सांगा, आधी चष्मा, कानाचं यंत्र, कवळी कुठे आहे ते शोध. यंत्रात सेल चालू आहे का, तेही बघ. धीराचे शब्द ऐकू येण्यावर अवलंबून असतात, हे आपण भावनेच्या भरात विसरतो.

गोंधळलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही आणि खोट्याला होही म्हणायचं नाही. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे, पण आहे. आई म्हणाली, "मला घरी ने, गाडी चुकेल," तर "कसली गाडी?" हे भांडण झालं, "चल, निघूया" ही फसवणूक झाली, आणि ती तासाभराने उलटते. "घरची आठवण येतेय ना? मी आहे इथे. आज रात्री आपण दोघं इथेच आहोत." एवढं, सावकाश, दोनदा. तिला गाडीचं उत्तर नकोच असतं. आपण एकटे नाही एवढं तिला कळायला हवं असतं.

भाऊ म्हणतो तो बसून काय करतो. त्याला हे वाचून दाखवा.

हॉस्पिटलमध्ये माणसाच्या हातातून पहिली जाते ती वेळ. कोण कधी येईल, सुई कधी टोचेल, डॉक्टर नऊला येतील की एकला, काही ठाऊक नसतं. पडून पडून छताकडे बघताना दहा मिनिटांचा तास होतो. म्हणून माझ्या लेखी धीर देणं म्हणजे गोड बोलणं नव्हे, माणसाला पुढच्या काही तासांचा ठाव देणं. "येतो हं थोड्या वेळात" हे वॉर्डात बोललं जाणारं सगळ्यात वाईट वाक्य. थोडा वेळ म्हणजे किती? आई दाराकडे बघत बसते. पाय वाजला की मान वळते. त्याऐवजी "मी आता खाली औषधं आणायला जातोय, सव्वाचारला परत येतो", आणि समोर दिसेल असं घड्याळ. मोठ्या आकड्यांचं, भिंतीवर नसेल तर टेबलावर. झोपलेली असताना गुपचूप निघून जाऊ नका. उठल्यावर खुर्ची रिकामी दिसण्यासारखं दुसरं काही नाही. हळूच उठवून सांगून जा, किंवा कागदावर लिहून ठेवा.

बसायचं कुठे, यालाही महत्त्व आहे. उभं राहून खाटेवर वाकून बोललं की आईला तुमची हनुवटी आणि छतावरचा दिवा दिसतो. खुर्ची ओढा, डोळ्यांना डोळे येतील असे बसा, ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला, सलाईन नसलेल्या हाताकडे. फोन खिशात. तासभर फोनमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा वीस मिनिटं समोर बसून गेलेलं बरं, असं मी नातेवाइकांना तोंडावर सांगायची आणि काहींना ते आवडायचं नाही.

हात धरा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनच्या यंत्रात झोपवून, पायाच्या घोट्याला विजेचा हलका झटका बसू शकतो असं सांगितलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सगळ्यात कमी दिसली, अनोळखी माणसाचा हात असताना फरक पडला पण कमी. या प्रयोगातून आई-मुलाबद्दल थेट काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण हात कोणाचा आहे याने फरक पडतो हे मी रोज बघत होते. रात्री मी धरलेला हात वेगळा आणि मुलाने धरलेला वेगळा. फक्त धरण्याआधी विचारा, विशेषतः हात सुजलेला असेल किंवा सुया टोचून काळानिळा झाला असेल तेव्हा.

"आराम कर, उठू नकोस" हे मायेने म्हटलं जातं आणि त्याने नुकसान होतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या बारा ठणठणीत लोकांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं. तेवढ्यात पायांचं मांस सरासरी जवळजवळ एक किलोने घटलं. ठणठणीत लोकांचं, बरं का. तुमची आई आठ दिवस आजारी आहे. भावाने डॉक्टरांना विचारावं, "आज खुर्चीत बसवू का? संडासापर्यंत चालवू का?" हो म्हणाले तर नर्सला किंवा फिजिओथेरपिस्टला सोबत घेऊन चालवावं, पहिल्यांदा एकट्याने नको, पडलं तर सगळंच वाढतं. स्वतःच्या पायांवर चार पावलं चाललेल्या आईला त्या दिवशी तुम्ही वेगळा धीर द्यायची गरज पडणार नाही.

खिडकी असेल तर खाट किंवा खुर्ची तिकडे तोंड करून घ्यायला सांगा. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटच्या नोंदी तपासल्या होत्या. खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधं कमी लागली. शिवाय दिवसाचा उजेड दिसला की रात्र कुठली ते शरीराला कळतं.

ऑक्सिजन लावलेला असेल तर ओठ आणि जीभ कोरडी पडते. ओला बोळा ओठांवरून फिरवणं, ओठांना साधं मलम लावणं, तोंड धुवायला मदत करणं ही कामं कुणी धीर देण्यात मोजत नाही. मी मोजते. पाणी पाजण्यापूर्वी मात्र सिस्टरला विचारा, कारण गिळताना ठसका लागत असेल तर पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि न्यूमोनियाच्या पेशंटला ते अजिबात परवडणारं नाही. पाजायचं तर उठवून बसवून.

आणखी एक. आईशी बाळासारखं बोलू नका. "शहाणी मुलगी ना, आता आपण गोळी घेऊया हं" हे आम्ही नर्सही करतो, चूक आमचीही आहे. आठ दिवस अंगावर हॉस्पिटलचे कपडे आणि हातात बिल्ला. आता भाषाही काढून घेतली तर उरलं काय? त्यापेक्षा छोटे छोटे निर्णय तिच्या हाती द्या. आधी तोंड धुवायचं की आधी बसायचं? पडदा उघडा की बंद? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण आठ दिवसांत तिला कुणी काही विचारलेलंच नसतं.

आता तुम्ही, ताई.

दिवसातून चार-पाच फोन बंद करा. रागावू नका. फोन कधी येईल हे तिला माहीत नसतं. तो कधी ड्रेसिंग चालू असताना येतो, कधी नुकता डोळा लागलेला असताना. आणि प्रत्येक फोनची सुरुवात "कशी आहेस?" अशी होते. त्या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत, आणि ती दोन्ही तुम्ही मला लिहून कळवली आहेत. "कशी आहेस" विचारलं की आईला रिपोर्ट द्यावा लागतो. लेक लांब, काळजी करेल, म्हणून ती खोटा रिपोर्ट देते; अवसान उरलेलं नसेल तेव्हा रडते.

एक फोन, ठरलेल्या वेळी, रोज तीच वेळ. ती वेळ वॉर्डाच्या घड्याळाप्रमाणे ठरवा, तुमच्या नाही. राउंड, आंघोळ, जेवण आणि नर्सची ड्युटी बदलायची वेळ सोडून. भावाने सकाळीच आईला सांगावं, "आज सहाला ताईचा फोन", आणि कागदावर लिहून समोर चिकटवावं. आठ-दहा मिनिटं पुरे. धाप लागत बोलणाऱ्याला बोलण्याचेच कष्ट असतात, हे फोनच्या पलीकडून कळत नाही.

ऐकू येत नाही म्हणून ओरडू नका. वयात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, त, फ यांसारखी व्यंजनं. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात, आणि भरीला तुम्ही रागावल्यासारख्या वाटता. आवाज थोडा खालच्या पट्टीत, शब्द सुटे, वाक्यं लहान. भावाने कानावर बसणारे मोठे हेडफोन नेले तर वॉर्डाचा गलबला कमी होतो. व्हिडिओ कॉलची घाई करू नका. गोंधळलेल्या माणसाला तळहाताएवढ्या काचेतलं, मधेच गोठणारं, ओठ आणि आवाज न जुळणारं लेकीचं तोंड भेडसावू शकतं. एकदा करून बघा, भावाला तिचा चेहरा बघायला सांगा. खुलला तर चालू ठेवा, नाही तर नुसता आवाज. व्हिडिओ करायचाच तर उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. खिडकीला पाठ करून बसलात तर तिला काळी सावली दिसेल.

आणि बोलायचं काय? सांगायचं. आज तुमच्यासमोर घडलेली एकच लहानशी गोष्ट, तपशिलासकट. कपाट आवरताना काय सापडलं, मुलाने शाळेत काय घोळ घातला, शेजारचं मांजर कुठे जाऊन बसलं. तिला त्यावर काही बोलावं लागू नये अशी. मग एखादी गोष्ट विचारायची, जी फक्त तिलाच माहीत आहे. एक बाई परदेशातून रोज आपल्या आईला स्वेटरच्या विणीतली एक अडचण विचारायच्या. पहिल्या दिवशी आजी "बघू नंतर" म्हणाल्या. चौथ्या दिवशी मी औषध घेऊन गेले तर म्हणाल्या, "थांबा सिस्टर, हिने बाहीचे टाके चुकवलेत." गोळी पाच मिनिटं उशिरा दिली मी. त्या बाईंना विणकाम खरंच येत नव्हतं की येत होतं, मी कधी विचारलं नाही.

कधी बोलायला काहीच नसेल तर लाईन चालू ठेवून गप्प बसा. "तू पड, मी इथे माझं काम करते, फोन चालूच आहे." भांड्यांचा, कागदांचा आवाज जाऊ दे. घरात दोन माणसं असतात तेव्हा ती तरी कुठे सतत बोलतात?

तुमच्या आवाजात एक मिनिटाचा निरोप रेकॉर्ड करून भावाच्या फोनवर ठेवा आणि रात्रीसाठी एखादा साधा प्लेअर किंवा जुना फोन वॉर्डात ठेवता येतो का ते विचारा. त्यात तारीख-वार घालू नका, कारण तो पुन्हा पुन्हा वाजणार आहे. "आई, मी बोलतेय. तू हॉस्पिटलमध्ये आहेस, तुझ्यावर उपचार चालू आहेत. सकाळी दादा येईल. संध्याकाळी मी फोन करीन. आता झोप." संपलं. भाऊ धाकटा असला तरी आई त्याला जे म्हणते तेच नाव घ्या. बाराच्या पुढे पेशंट घाबरून उठला की रात्रपाळीच्या सिस्टरला हे लावता येतं. मी लावलेलं आहे.

कागदावरचं पत्रही पाठवा, मोठ्या ठळक अक्षरात, भावाला छापून न्यायला सांगा. फोन संपतो, कागद उशीशी राहतो. आणि शिवाय एक वेगळा कागद आमच्यासाठी, म्हणजे वॉर्डासाठी. आईला घरी काय हाक मारतात, कोणत्या कानाने ऐकू येतं, कोणत्या कुशीवर झोप लागते, अंधाराची भीती वाटते का, आयुष्यभर काय काम केलं, कशावर हसते. दहा ओळी, एखादा फोटो. हा कागद खाटेशी लावायला परवानगी घ्या. ड्युटीवर आले की मी असा कागद फाइलच्या आधी वाचायची. "खाट क्रमांक अकरा, न्यूमोनिया" या माणसाशी बोलायला काही नसतं. तिने तीस वर्षं मुलांना गणित शिकवलंय हे कळलं, की सुई टोचतानाही बोलायला विषय मिळतो.

रडण्याबद्दल. "रडू नकोस गं" हे आपल्याला सोसत नाही म्हणून आपण म्हणतो. "रड, मी लाईनवर आहे" म्हणा आणि थांबा. बहुतेक रडणी दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरतात, मोजून बघा. तुम्हाला रडू आलं तर लपवत बसू नका, पण लगेच कारण सांगा: "तुझी आठवण आली म्हणून रडले. डॉक्टरांनी नवीन काही सांगितलेलं नाही." पेशंट आपले चेहरे रिपोर्टसारखे वाचतात. लेक रडली म्हणजे माझ्यापासून काहीतरी लपवताहेत, हा हिशोब ते मनात लगेच मांडतात.

"बरी आहे" म्हणणारी आई दुखणंही लपवते. "दुखतंय का?" याला "नाही" हे उत्तर ठरलेलं. "खोकताना जास्त दुखतं की कूस बदलताना?" असं विचारा. मग कळतं, आणि ते भावामार्फत सिस्टरला सांगता येतं.

एखाद्या दिवशी ती विचारेल, "मी यातून उठेन ना?" त्या वेळी "काहीतरीच काय बोलतेस, तुला काही होत नाही" म्हणू नका. ते म्हटलं की दार लागतं आणि ती पुन्हा कधी विचारत नाही. "तुला काय वाटतंय? कशाची भीती वाटते?" असं विचारा आणि उत्तराची वाट बघा. सिसिली सॉन्डर्स, ज्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची शुश्रूषा करणारं ठिकाण, सुरू केलं, त्या डॉक्टर होण्याआधी नर्स आणि समाजसेविका होत्या. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, नात्यांची, जगण्याच्या अर्थाचीही असते, आणि ती सगळी मिळून एकच वेदना होते, असं त्या मांडायच्या. वॉर्डात हे रोज दिसतं. मरणाची भीती असेल असं आपण धरून चालतो आणि आई म्हणते, "तुमच्यावर ओझं झालंय माझं." त्याचं उत्तर औषधात नाही, ते तुमच्याकडेच आहे. खरं जे माहीत आहे तेवढं सांगा: "डॉक्टर म्हणतात ताप उतरलाय, छातीला वेळ लागेल. पुढचं त्यांनाही आज सांगता येत नाही. कळलं की मी तुला सांगेन, लपवणार नाही." असा शब्द दिलात तर मग तो पाळावा लागतो, हे आधी मनाशी ठरवा.

आता थोडं टोचणारं. १९९१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी अमेरिकन वृद्धवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात "कॅलिफोर्नियाची मुलगी" असं नाव देऊन एका प्रकाराचं वर्णन केलं. लांब राहणारं अपत्य विमानाने येऊन उतरतं, जवळच्यांनी आणि डॉक्टरांनी ठरवलेलं सगळं उलथवतं, "हे का केलं नाही, ते का केलं" म्हणून सगळ्यांना फैलावर घेतं. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियातले डॉक्टर याच प्रकाराला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात असं सांगतात. म्हणजे दोष गावाचा नाही, अंतराचा आहे. जवळ नसल्याची बोच सूचनांच्या रूपाने बाहेर पडते. तुमच्या पत्रात भावाबद्दल तसा सूर नाही, तरी आधीच सांगून ठेवते. दिवसभरात भावाला केलेल्या पहिल्या फोनमध्ये पहिला प्रश्न आईबद्दल नको. "तू झोपलास का? काय खाल्लंस?" आधी हे.

लांबून होणारी कामं पुष्कळ आहेत आणि ती त्याच्या अंगावरून काढून घ्या. विम्याची कागदपत्रं, बिलांचा हिशोब, औषधांची यादी. आणि नातेवाइकांना रोज एकदाच खबर देणं, म्हणजे तीस माणसांचे फोन त्याच्या खिशात वाजत नाहीत. रात्र थांबायला कुणी दुसरं माणूस शोधून, पैसे देऊन का होईना, दोन दिवसांआड त्याला घरच्या गादीवर झोपवा. दमलेला माणूस खाटेशी बसून धीर देऊ शकत नाही. तो नुसता जागा असतो.

डॉक्टरांशी बोलणारा एकच ठरवा, भाऊ. तुम्ही प्रश्न लिहून द्या, तीनच: कालच्यापेक्षा आज काय बदललं? उद्यापर्यंत कशाची वाट बघतोय? काय दिसलं तर आम्ही लगेच सांगायचं? शक्य असेल तेव्हा राउंडच्या वेळी तुम्हाला फोनवर घ्यायला डॉक्टरांची परवानगी काढा, म्हणजे भावाला निरोप्या व्हावं लागत नाही आणि अर्धवट शब्दांवरून घरात भांडणं होत नाहीत.

"मी यावं का?" हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते वाक्यावाक्यात आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, "तुमची आई असती तर तुम्ही आज निघाला असता का?" मी बघितलंय, या प्रश्नाला ते थांबून, खरं उत्तर देतात. "हो" म्हणाले तर बाकीचं सगळं सोडून निघा. "थांबा" म्हणाले तर सुट्टी डिस्चार्जसाठी राखून ठेवा. हॉस्पिटलात निदान चोवीस तास कुणीतरी असतं. घरी आल्यावरचा पहिला आठवडा, औषधांचा घोळ, संडासापर्यंतचं चालणं, रात्रीची भीती, तेव्हा खरं माणूस लागतं. हे सांगूनही बहुतेक लोक आधीच येतात आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी परततात. मन मानत नाही, कळतं मला.

आणि भावाला एक वही आणायला सांगा. आयसीयूतल्या पेशंटसाठी नर्स आणि घरचे मिळून अशी रोजनिशी लिहितात, ही पद्धत स्कँडिनेव्हियातून आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५२ पेशंटच्या अभ्यासात, ज्यांना अशी वही मिळाली त्यांच्यात त्या दिवसांच्या आघाताचा मानसिक आजार नव्याने जडण्याचं प्रमाण ५ टक्के होतं, बाकीच्यांत १३ टक्के. तुमची आई आयसीयूत नाही, पण परवाची रात्र तिच्याही आठवणीतून अर्धी पुसलेली असणार, आणि उरलेल्या अर्ध्याची तिला लाज वाटत असणार. "मंगळवारी रात्री तुला ताप होता, तू घाबरली होतीस, सिस्टर तुझ्याशी बोलत बसल्या, पहाटे झोपलीस." असं साधं, दोष न देता लिहायचं. तुम्हीही फोननंतर चार ओळी पाठवा, तो उतरवून घेईल. बरी झाली की ती ती वही मागेल, किंवा मागणार नाही. मागेपर्यंत द्यायची नाही.

आज रात्री भाऊ निघताना "सकाळी ९ वाजता येतो" असं मोठ्या अक्षरात लिहून आईला दिसेल असं लावू दे. खाली "संध्याकाळी ६, ताईचा फोन". आणि उशीर होणार असेल तर वॉर्डात फोन करून सिस्टरला सांगा. ती जाऊन आईला सांगेल. मी तरी सांगायची.